बाहेरचं कुलूप

कारखान्यात त्या फिटरला सगळे ‘कुलूप’ म्हणत. यंत्राच्या पोटात शिरायचं तर आधी वीज बंद, स्विचवर स्वतःचं कुलूप, किल्ली स्वतःच्या खिशात. आत माणूस असताना बाहेरून कुणी यंत्र चालू करता कामा नये. तेवीस वर्षांत त्याने हा नियम एकदाही मोडला नाही. दहाही बोटं शाबूत होती.

त्याची मुलगी नऊ वर्षांची झाली. त्याची दुसरी पाळी. तो दोनला निघायचा, बायको कामावरून चारला यायची. मधले दोन तास पोरीला एकटीला ठेवायचं का, हा प्रश्न होता. नव्या कामगाराकडून घेतात तशी त्याने लेकीकडून महिनाभर तालीम करून घेतली. गॅसचा नॉब, मेन स्विच, शेजारच्या काकूंचा नंबर. एक चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

“अहो, पोर आहे ती, बॉयलर नाही,” बायको म्हणाली.

“पास झाली तरच राहील.”

पास झाली. सोमवारी त्याने दाराला बाहेरून कुलूप घातलं, दोनदा ओढून पाहिलं, किल्ली खिशात टाकली आणि निर्धास्त कामावर गेला.

तीनला काकूंचा फोन. “भाऊजी, तुमच्या खिडकीतून धूर येतोय! आणि दाराला कुलूप आहे हो!”

तो तेलकट कपड्यांतच धावत सुटला. कुलूप काढून तो आत शिरला.

मुलगी खिडकीशी उभी होती, तोंडावर ओला रुमाल. फ्रिजचा प्लग जळून काळा पडला होता.

“मेन स्विच पाडला, बाबा. काकूंना फोन केला. मग बाहेर निघाले, तर दार उघडेना.”

तो हातातल्या कुलपाकडे बघतच राहिला. मग उंबऱ्यावर बसला. किल्ली आत शिरणाऱ्याजवळ असते. तेवीस वर्षं तो कारखान्यातल्या नव्या पोरांना हेच ओरडून सांगत आला होता.

“मी काही चुकले का?”

“नाही गं. तू नाही.”

बायको चारला आली. भिंतीवरची काजळी, त्याच्या हातातलं कुलूप, सगळं तिने पाहिलं आणि लेकीला पोटाशी धरलं.

त्याने हत्यारांची पिशवी काढली आणि दाराचा बाहेरचा कोयंडा उखडायला घेतला. चार स्क्रू. चौथा गंजला होता. तोही त्याने काढला.