भिंतीवरचा हात

काल शाहूपुरीत एका घराला चुना देत होते. त्या ओल्या वासानं मी थेट सीमेवरच्या शाळेत पोचले. युद्धात तोफगोळ्यांनी फुटलेली ती शाळा स्मारक म्हणून तशीच जपली होती. फक्त कुंपणाला ताजा चुना होता. तेव्हा मी तिच्यावर छोटा माहितीपट करत होते. सोबत हातकणंगल्याच्या शांताक्का होत्या. त्यांचे सैनिक पती त्या युद्धात शाळा राखताना तिथंच गेले होते.

पहाऱ्यावरच्या जवानानं भिंतीला हात लावायला मनाई केली.

“माझा माणूस हितं पडलाय. हात लावणार की!” म्हणत त्यांनी तळवा टेकवला. जवान बाजूला झाला.

आता रडतील म्हणून मी कॅमेरा चेहऱ्यावर नेला. त्या ताठ उभ्या होत्या. “आमच्या मालकांनी एवढी भिंत पडू दिली न्हाय, बघ.”

तेव्हा मला तो टेकवलेला हात म्हणजे दुःख वाटलं. आज कळतं, शांताक्का नवऱ्याचं काम बघायला आल्या होत्या.