जाळीवाली

तिला खोटं बोलता यायचं नाही. लोक याला गुण म्हणतात. ज्याच्या घरात माणूस आजारी आहे त्याला विचारा.

कात्रपला आमच्याच बिल्डिंगमध्ये, आमच्या खालच्या मजल्यावर राहायची. मुंबईत कुठल्याशा प्रयोगशाळेत संशोधन करायची. आमच्या हिला साखर होती, टाचेची जखम भरत नव्हती. ही पोर घरी आली की कोपरापर्यंत हात धुवायची आणि हिची पट्टी बदलायला बसायची. चहा त्यानंतर. आधी ठेवला तर निवून जायचा, पण ती कपाला हात लावायची नाही. उल्हासनगरचा मलमवाला म्हणायचा, भरत आलीय. दवाखान्यात म्हणायचे, टेन्शन घेऊ नका. ही पोर सरळ सांगायची, "मावशी, कालच्यापेक्षा जास्त आहे."

बिल्डिंगमध्ये तिला जाळीवाली म्हणायचे. का, ते विचारलं की हौसेने सांगत बसायची. माणसाच्या पेशी भांड्यात वाढवायच्या. त्या आपल्याभोवती बारीक जाळी विणतात. विणून झाली की पेशी धुऊन काढायच्या, जाळी तेवढी ठेवायची. ती जखमेवर बसवली की आपल्या नव्या पेशी तिच्यावर चढतात आणि मांस भरून येतं.

मी सातवी शिकलेला, अंबरनाथच्या कारखान्यातून कमी केलेला माणूस. म्हटलं, "म्हणजे ज्यांनी बांधलं त्यांनाच हाकलायचं. आमच्या शेठला हे आधीच ठाऊक होतं."

ती हसली नाही. "परक्या पेशी राहिल्या तर शरीर भांडतं, काका."

मग एकदा मी तिला जिन्यात गाठलं. एक तुकडा आण म्हटलं, कुणाला कळणार नाही. हात जोडले. ती म्हणाली, "फक्त उंदरांवर झालंय. मावशींच्या पायात काय होईल ते मला माहीत नाही. मी आणणार नाही." मी नाही नाही ते बोललो. तिच्या बापाचाही उद्धार केला. दुसऱ्या दिवशी पट्टी घेऊन वेळेवर हजर.

जिन्यातलं सगळं हिला आत ऐकू गेलं होतं. पट्टी चालू असताना हिने विचारलं, "उंदराची जखम भरली का गं?"

"भरली, मावशी."

"मग सोडून दिलंत त्याला?"

"नाही. आतून कशी भरली ते बघायला मारावं लागतं."

ही हसता हसता खोकायला लागली. "ऐकलंत? तिथे पाठवत होतात मला."

पाय कापावा लागला. वर्षाच्या आत ही गेली.

पोर भेटायला आली. मी विचारलं, ती जाळी लावली असती तर पाय वाचला असता का? मला "नाही" एवढंच ऐकायचं होतं. अडाण्यालाही कळलं असतं की इथे "नाही" म्हणायचं असतं.

"कदाचित वाचला असता, काका."

मी तिला जा म्हटलं. पुढे ती परदेशी शिकायला गेली.

राग आहे, तो जाणार नाही. पण आता मला श्वास लागतो, आणि डॉक्टर पाठीवर थाप मारून गोड बोलायला लागला की मी चपला घालून निघून येतो. खरं काय ते विचारावं असं एकच माणूस माहीत होतं, आणि खालच्या मजल्यावर आता भाडेकरू राहतात.