पोवळ्याच्या पेशीतला रंग

“आधी त्याचा स्वतःचा उजेड बघ, मग आपला रंग घाल,” असं नोएलीन मॅडॉक येईल त्याला सांगायची. पोवळ्याच्या पेशी मुळातच थोड्या लकाकतात. ती लकाकी वजा केल्याशिवाय पेशीतला आंबटपणा दाखवणाऱ्या, वरून घातलेल्या रंगावर विश्वास ठेवता येत नाही.

क्वीन्सलँडच्या किनाऱ्यापासून दूर, बेटावरच्या त्या संशोधन केंद्रात तिची उमर गेली. माणसं हंगामापुरती येत आणि आपली मोजमापं घेऊन निघून जात. जेवणाचं लांब टेबल रिकामं असलं तरी ती कडेलाच बसे.

केल तिथला नावाडी. बेटाच्या उत्तरेचे खडक एका उन्हाळ्यात पांढरे पडून मेले, तेव्हा त्यानं तिथून अंगठ्याएवढी एकच जिवंत फांदी आणली होती. नोएलीननं ती टाकीत जगवली. चहाचा कप घेऊन ती टाकीपाशी बसायची. एकदा केलनं तिला फांदीशी बोलताना ऐकलं, तेव्हा तो खोकून मगच आत गेला.

आता टाक्या कमी पडत होत्या. पुढच्या काळात समुद्र जेवढा आंबट होईल, तेवढ्या आंबट पाण्यात ज्या पोवळ्याच्या पेशी आंबटपणा आत शिरू देणार नाहीत, त्यालाच टाकी मिळणार होती. आज ह्या फांदीची पाळी होती.

केल अंधाऱ्या खोलीच्या दाराशी थांबला.

“अगं म्हातारे, बाहेर ये. जेवण गार झालं.”

“दार उघडलंस तर हात तोडीन! उजेडानं रंग उडतो.”

“कसं आहे?”

आतून आवाज आला, “नारिंगी.”

तांबडा म्हणजे पेशी टिकून आहे, नारिंगी म्हणजे आंबटपणा आत शिरला, एवढं केलला कळत होतं.

“रंगावरून आकडा काढायचा गेल्या वर्षीच्या पोवळ्याचा तक्ता लाव की. आकडा जरा बरा येईल.”

“रंग प्रत्येकाच्या पेशीत वेगळा वागतो, केल. ह्याचा आकडा ह्याच्याच पेशींतून काढायला हवा.”

तो काढायची रीत केलनं पाहिली होती. शेवटी नोएलीन पेशींवर एक औषध घाली आणि त्यांची राखण सुटे. मग बाहेर जेवढं आंबट, तेवढंच आत. माहीत असलेल्या आंबटपणाचं पाणी एकामागून एक देऊन ती रंग टिपी. तेव्हा कुठे जिवंतपणी दिसलेल्या रंगाला आकडा मिळे, पण त्या पेशी उरत नसत.

दुपार कलल्यावर दार उघडलं. तिनं डोळे चोळले.

“नाही झेपत त्याला. टाकी गेली.”

“आणि फांदी?”

“सुकवून कपाटात ठेवतात. मी केंद्राच्या साहेबाला आधीच विचारलं होतं, होती तिथे परत नेऊन ठेवू का म्हणून. हो म्हणाला. आजचा समुद्र अजून तेवढा आंबट नाही.”

“होडी काढू?”

“ओहोटी आहे. चालत जाईन.”

“मी येतो सोबत.”

“तू जेव रे.”

बादली पोटाशी धरून ती उघड्या पडलेल्या वाळूवर उतरली आणि उत्तरेला वळली. वाऱ्यानं तिचा सदरा फुगवला, पाणी घोट्यापर्यंत आलं, मग पोटऱ्यांपर्यंत. ती बादलीत बघत, खाली मान घालून काहीतरी बोलत चालली होती. केल पायरीवर हातात ताट घेऊन उभा राहिला आणि ती ठिपक्याएवढी होईपर्यंत बघत राहिला.