कोथिंबीर आणि कॉर्टिसॉल

आमच्या सासूबाईंच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं असतात : कोथिंबीर निवडणारी आणि आळशी. लग्न होऊन नल्लकुंट्याला आले तेव्हापासून मी पहिल्या प्रकारात मोडत होते. गेल्या वर्षी माझी बदली दुसऱ्या प्रकारात झाली, आणि तिला कारण झाली एक लिफ्ट.

काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण लांबण लावून ऐकायची हौस समाचाराला आलेल्या मंडळींनी केव्हाच फेडून घेतली आहे. कॉलेजातून परत येताना गेटाबाहेरच्या गाडीवरून मी कोथिंबिरीची चांगली भरगच्च जुडी घेतली, आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये शिरले आणि पाचव्या मजल्याचं बटण दाबलं. लिफ्ट चौथ्यापर्यंत गेली, तिथं तिनं विचार बदलला आणि सरळ खालच्या खड्ड्यात जाऊन आदळली. दिवे गेले. माझा गुडघा मोडला. दार उचकटायला मिस्त्री येईपर्यंत मी अंधारात, चिरडलेल्या जुडीवर बसून होते आणि डोक्यावर तुटलेलं काहीतरी किरकिरत होतं. प्रत्येक किरकिरीला वाटायचं, आता हेही खाली येणार. आज हे वाक्य सहज लिहिलं मी, पण ते तोंडातून बाहेर पडायला बरेच महिने लागले.

समाचाराला आलेल्यांनी सगळं विचारलं. लिफ्ट कुठल्या कंपनीची, दोर किती जुना होता, सोसायटीचे सेक्रेटरी काय करत होते, प्लास्टर किती दिवस. एका काकांनी तर कागदावर लिफ्टचं चित्र काढून मी नेमकी कुठे उभी होते तिथं फुली मारून घेतली. यथावकाश गुडघा जुळला. एक्स-रे खिडकीशी धरून सगळ्यांनी पाहिला आणि मी बरी झाल्याचं एकमतानं जाहीर केलं. सोसायटीनं नवी लिफ्ट बसवली, तिच्यात आरसा आणि मंद संगीतही आहे, म्हणजे पुढच्या वेळी पडताना केस ठीक करता येतील.

मग एका सकाळी मी ओट्याशी कोथिंबीर चिरायला घेतली. सुरी फिरली, वास आला, आणि पुढचं मला ठळक आठवतं ते म्हणजे फ्रिजला पाठ लावून मी जमिनीवर बसले होते. छाती धडधडत होती, तळहात ओले, आणि वरून काहीतरी पडणार याची पक्की खात्री. वर फक्त पंखा होता. सासूबाई धावत आल्या. मला पाणी दिलं, सुरी उचलली, आणि माझा श्वास जागेवर आल्यावर म्हणाल्या, "लिफ्ट पडली, हौ, समजलं. पण कोत्मिरीनं काय घोडं मारलंय तुझं?"

प्रश्न रास्त होता. गंमत अशी की, त्याचं उत्तर शिकवण्याचाच मी पगार घेते. कुकटपल्लीच्या एका ज्युनियर कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवते. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी, धोका दिसला की त्यांतून सुटणारं अ‍ॅड्रिनॅलिन, त्याच्यामागून सावकाश येणारं कॉर्टिसॉल : हा धडा मी दरवर्षी उत्साहानं शिकवते. फळ्यावर वाघ काढते. वाघ दिसला की काळीज धडधडतं, रक्त हातापायांकडे धावतं, पचन थांबतं. वाघ गेला की सगळं शांत. पोरं लिहून घेतात, कारण यावर हमखास प्रश्न येतो. मेंदूत बदामाएवढी एक गाठ असते, ती धोक्याची चौकीदार. वासाची वाट नाकातून जवळजवळ थेट तिच्याच दारात जाते. आणि घाबरलेल्या क्षणी ही चौकीदारीण शेजारीपाजारी जे जे असेल त्या सगळ्यांना गुन्हेगार म्हणून पकडून ठेवते. माझ्या बाबतीत तिनं दोर सोडला, सेक्रेटरी सोडले आणि कोथिंबिरीला अटक केली. हे मला चांगलं ठाऊक होतं. ठाऊक असल्याचा उपयोग मात्र शून्य. स्टाफरूममध्ये कुणी डबा उघडला की जीवशास्त्राची अनुभवी अध्यापिका व्हरांड्यात जाऊन उभी राहायची.

लिफ्टचं तर विचारूच नका. घरचे पाच मजले आणि कॉलेजचे चार, सगळे पायी. विद्यार्थिनींना वाटलं, मॅडमनी वजन कमी करायचं मनावर घेतलंय. नवरोबांना वाटलं, गुडघ्याला व्यायाम. सासूबाईंना काही वाटत नव्हतं, त्यांची खात्रीच होती : सुनेला कामं चुकवायची आहेत. आमटीवर कोथिंबीर नाही, उपम्यावर नाही, बगारा भातात नाही, आणि दह्याची चटणी नुसती पांढरीफटक. गौलीगुड्याहून त्यांची बहीण आली तेव्हा त्यांनी वाटी तिच्यापुढे सरकवली आणि म्हणाल्या, "खा. आमच्याकडे आता विधवा चटणी असते." त्या स्वतः विधवा आहेत, त्यामुळे कुणाला हसताही येईना.

शेवटी मी ठरवलं, यांना कागद दाखवायचा. आमचं घराणं तीन पिढ्या सरकारी नोकरीतलं. आमच्याकडे माणसाच्या शब्दाला किंमत नाही असं नाही, पण शिक्क्याच्या कागदाला जास्त आहे. ताप थर्मामीटरवर असतो, साखर रिपोर्टात असते, आणि जे रिपोर्टात नसतं ते नाटक असतं. मी कॉर्टिसॉलची तपासणी करायचं बोलले. तशी सासूबाईंनी पेपरातली जाहिरात शोधून काढली : जोडप्यानं केली तर सवलत. मग नवरोबाही निघाले, उपाशीपोटी, भल्या सकाळी, रविवारची झोप मोडून.

लॅबमध्ये टोकनवरून घोळ झाला. आमच्या मागून आलेल्या एका गृहस्थांना आधी आत घेतलं आणि नवरोबांचा तिळपापड झाला. "ये क्या तमाशा है, हम क्या यहाँ मच्छर मारने आए?" काउंटरवरचा इसम शांतपणे म्हणाला, "साब, बैठो ना, कायकू गरम होरे?" त्यावर ते आणखी गरम झाले. कपाळाची शीर उडत असतानाच त्यांचं रक्त काढलं गेलं. मी कोपऱ्यात बसून माझा फळ्यावरचा वाघ पाहत होते.

संध्याकाळी रिपोर्ट फोनवर आले. माझं कॉर्टिसॉल नॉर्मल, तेही अगदी मधोमध, शहाण्या मुलीसारखं. नवरोबांचं जास्त. पुढे ठळक अक्षरात 'हाय'.

त्या एका शब्दानं घर डोक्यावर घेतलं. सासूबाईंनी टीव्हीचा आवाज कमी केला. बदाम भिजत पडले. "माझं लेकरू सगळ्यांचं टेन्शन स्वतःच्या अंगावर घेतं," असं त्या फोनवर तीन शहरांत सांगून मोकळ्या झाल्या. नवरोबा आधी जरा घाबरले, मग त्या आजारात बऱ्यापैकी रमले. ऑफिसातून रजा घेतली. सोफ्यावर आडवे होऊन हळू आवाजात बोलू लागले. आणि त्यांच्यासाठी रोज शहाळं आणायला पाच मजले उतरून चढायचं काम, अर्थातच, जिचं सगळं नॉर्मल होतं तिच्याकडे आलं.

मी समजावून पाहिलं. म्हटलं, भांडता भांडता रक्त काढलं तर कॉर्टिसॉल वाढलेलंच दिसणार. म्हटलं, मोठ्या धक्क्यानंतर जो आजार मागे राहतो, ज्याला डॉक्टर पीटीएसडी म्हणतात, त्यात कॉर्टिसॉल बऱ्याचदा नेहमीसारखंच असतं, कधी कधी उलट कमीही सापडतं. नुसत्या एका आकड्यावरून तो कळत नाही. सासूबाईंनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे जास्त असलं तरी आजार, कमी असलं तरी आजार, नॉर्मल असलं तरी आजार? मग टेस्ट कायला करतात गं?" माझ्या वर्गात इतका चांगला प्रश्न कुणी विचारत नाही.

पण हसण्यावारी नेते आहे म्हणून फसू नका. त्या रात्री मला रडू आलं होतं. मला तो 'हाय' हवा होता. नवऱ्याच्या रिपोर्टकडे मी दुसऱ्या बाईची साडी बघावी तशी बघत होते. शिकवताना मुलींना सांगायचं की, हा आकडा सगळं सांगत नाही, आणि स्वतःच्या बाबतीत मात्र तोच आकडा वाचून वाटायचं, सासूबाई म्हणतात तेच खरं असेल, मी नाटकच करत असेन. इतकं एकटं मला त्या खड्ड्यातही वाटलं नव्हतं. तिथं निदान बाहेरून दार ठोकणारं कुणीतरी होतं.

एरवी 'वेड्यांचा डॉक्टर' म्हणून ज्याची पायरी आमच्या घराण्यातलं कुणी चढलं नसतं, त्या मनोविकारतज्ज्ञांकडे नवरोबा ऐटीत निघाले, कारण आता फोनवरून छापून घेतलेला कागद हातात होता. दवाखाना बरकतपुऱ्यात, एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर. पेशंट लिफ्टनं गेला. पेशंटची बायको जिन्यानं.

डॉक्टर माझ्याच वयाच्या एक तेलुगू बाई होत्या. त्यांनी नवरोबांचा रिपोर्ट पाहिला, लॅबमधल्या भांडणाची हकीकत ऐकली, ओठ दाबून हसल्या आणि म्हणाल्या की, शांतपणे पुन्हा तपासा, काळजीचं काही वाटत नाही. नवरोबांचा चेहरा पडला. मग त्या माझ्याकडे वळल्या. मी अजून धापा टाकत होते.

"मॅडम, आप लिफ्ट से नहीं आए?"

मी म्हटलं, नाही. "क्यों?" मी अ‍ॅड्रिनल ग्रंथीपासून सुरुवात केली. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "वो मुझे मालूम है. आपको क्या होता है, वो बोलिए." मी कोथिंबिरीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "और?" मी किरकिरण्याचं सांगितलं. "और?" व्हरांडा, फ्रिज, झोपेतून दचकून उठणं, नॉर्मल रिपोर्ट. प्रत्येक वेळी फक्त "और?" त्या खोलीत मी किती वेळ बोलत होते कोण जाणे. नवरोबा त्यांच्या 'हाय'ची घडी करत आणि उलगडत बसले होते.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, तेच, जे मला ठाऊक होतं. उपचार आहेत म्हणाल्या, वेळ लागेल म्हणाल्या. तेव्हा नवरोबांनी आमच्या घराण्याला शोभेलसा प्रश्न विचारला, "डॉक्टर, इसका टेस्ट कौनसा है?"

"टेस्ट नहीं है," त्या म्हणाल्या. "पूछना पड़ता है."

बाहेर आल्यावर नवरोबांनी सवयीनं लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट आली, दार उघडलं. त्यांनी आत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि जिन्याकडे वळले. खाली पोहोचेपर्यंत ते प्रत्येक मजल्यावर माझ्यासाठी थांबले.

घरी सासूबाई टेबलावर वर्तमानपत्र पसरून कोथिंबीर निवडत होत्या. वास दारापर्यंत आला होता, म्हणून मी उंबऱ्यातच थांबले. त्यांनी लेकाला विचारलं, "काय म्हणाले रे डॉक्टर? तुझं जास्तच निघालं ना?"

"माझं काही नाही," नवरोबा म्हणाले. "आजारी ही आहे."

"रिपोर्ट?"

"याचा रिपोर्ट नसतो, आई. विचारावं लागतं म्हणे."

सासूबाई माझ्याकडे पाहत राहिल्या. मी दाराची चौकट धरून उभी होते, तोंडानं श्वास घेत. मग त्यांनी वर्तमानपत्र चारी बाजूंनी गुंडाळलं, ती पुडी लेकाच्या हातात देऊन त्याला बाहेर पिटाळलं आणि मोरीत जाऊन साबणानं हात धुतले. वास घेऊन पाहिला, पुन्हा धुतले. पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली.

"मग मी विचारू का?" त्या म्हणाल्या.