छतातली वाट

मेव्हिस थर्लो लग्न होऊन इंग्लंडातल्या आमच्या सफोकमधल्या गावात आली आणि जन्मभर 'रेड काउ'मध्ये बिअरचे ग्लास भरत राहिली. जुनी सराई ती. खाली बार, वर खोल्या. ओकच्या लाकडाचा सांगाडा, मातीच्या भिंती, आणि जिना इतका चिंचोळा नि वळणाचा की ट्रंकसुद्धा वर जात नसे. मग वर कुणी मेलं तर शवपेटी उतरवायची कशी? बांधणाऱ्यांनी त्याचा विचार केला होता. वरच्या खोलीच्या जमिनीत, दोन तुळयांच्या मधे, सुट्या फळ्या ठेवल्या होत्या. फळ्या काढायच्या, पेटी दोरांवर सोडायची, खाली बारमधल्या गिऱ्हाइकांनी हात उंचावून ती धरायची. मेव्हिसच्या नवऱ्याचा, रेजचा, बाप असाच गेला. आजाही.

बार फार काळोखा म्हणून मेव्हिसने सराईची मालकी असलेल्या बिअर कंपनीच्या मागे लागून खालून छताला पांढरे तक्ते मारून घेतले. रेज कुरकुरला, "अगं, माझी वाट बुजवलीस की!"

"मग मरू नकोस."

तर तो मेला. त्याच हिवाळ्यात.

अंत्यविधीवाला म्हणाला, "चादरीत गुंडाळून जिन्याने आणू, बाई. जरा उभा धरावा लागेल, इतकंच."

"उभा? पिऊन पडलेल्याला नेतात तसा?" मेव्हिसने कोळसे फोडायचा हातोडा आणला.

फोनवर कंपनीच्या माणसाने बजावलं, छताला हात लावलात तर रेजच्या नावाचा सराईचा भाडेपट्टा तुमच्या नावावर होणार नाही. शेजारीण म्हणून मीही तिला झापलं, "वेडी आहेस का? घर जाईल. मेलेल्याला काय कळतंय?"

"त्याला नाही गं. मला कळतंय ना."

टेबलावर चढून पहिला घाव तिनेच घातला. उरलेलं पुरुषांनी पाडलं. पेटी दोरांवर हेलकावत खाली येऊ लागली, तशी ती वरच्या खोलीतून ओरडली, "सावकाश रे! पाठ धरलीय त्याची!" खाली कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग कुणालाच रडू आवरेना.

कंपनीने शब्द पाळला. मेव्हिस समुद्राकाठी बहिणीच्या बंगलीत राहायला गेली. मी भेटायला गेले तेव्हा म्हणाली, "इथे सगळं एकाच पातळीवर गं. झोपायच्या वेळी मी अजून जिना शोधते."

मार्चमध्ये ती गेली. दारं रुंद, फरशी सपाट. चाकांच्या गाडीवरून दोन पगारी माणसांनी पेटी सरळ बाहेर नेली. आम्हाला कुणाला हातसुद्धा लावावा लागला नाही.