त्याच्या चालीवर दत्ताचं भजन

घटस्फोटाचा कागद हातात आला त्या आठवड्यात मी दोन गोष्टी ठरवल्या होत्या. आता रडायचं नाही, आणि आता लिहायचं नाही. पहिली काही जमेना. दुसरी मात्र आपसूक पार पडत होती, कारण लिहायला बसलं की समोर नुसता कोरा कागद आणि कानात शुकशुकाट. पंधरा-वीस वर्षं गाणी लिहून पोट भरणाऱ्या बाईला एक ओळ सुचू नये, याचा राग कुणावर काढायचा तेही कळत नव्हतं. देवावर काढावा तर त्याच्याशी माझं फारसं येणंजाणं नव्हतं. सणावाराला हात जोडायचे, परीक्षेला किंवा ऑपरेशनला नारळ बोलायचा, एवढीच आमची ओळख.

मी चालीवर लिहिणारी. म्हणजे संगीतकार आधी चाल बांधतो, तिच्यात ‘लाला लाला’ असं काहीतरी भरून गुणगुणतो, आणि त्या मापात आपण शब्द बसवायचे. आमच्या धंद्यात हे सर्रास चालतं. माझ्या बाबतीत फरक एवढाच, की तो संगीतकार माझा नवराच होता. सकाळी चहाला उकळी फुटायच्या आत तो चाल गुणगुणायचा आणि पोळ्या होईपर्यंत माझा गाण्याचा मुखडा लिहून तयार असायचा. लोक म्हणत, काय जोडी जमलीय. मलाही तसंच वाटत होतं. मग एके दिवशी त्याने अगदी शांतपणे सांगितलं, की त्याला दुसऱ्या कुणाबरोबर राहायचं आहे. आरडाओरडा झाला नाही, भांडी आपटली गेली नाहीत. कागदावर लिहिलंय, दोघांच्या संमतीने. माझी संमती कशी होती ते माझं मला ठाऊक. घर सोडताना मी कपडे घेतले, पुस्तकं घेतली, आजीचा कुकरसुद्धा घेतला. चाली मात्र त्याच्याकडे राहिल्या, आणि त्यांच्याशिवाय मला लिहिता येत होतं की नाही हे मी कधी करूनच पाहिलं नव्हतं.

गिरगावात भाऊ राहतो. तो ये म्हणाला, वहिनीही मनापासून म्हणाली. पण रोज ताटात जास्तीची पोळी आणि डोळ्यांत जास्तीची माया, हे मला सोसलं नसतं. म्हणून परळला एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर भाड्याची खोली घेतली. समोर रस्ता ओलांडला की दत्ताचं छोटं मंदिर, औदुंबराच्या पारावर. गुरुवारी संध्याकाळी तिथे बायकांचं भजनी मंडळ बसायचं. मी खिडकी लावून घ्यायची.

त्याच दिवसांत केतकी मागे लागली होती. ही गिरगावातलीच मुलगी, गळा सुरेख, स्वतःच्या हिमतीवर नव्या गाण्यांचा संच काढायला निघालेली. तिला माझे शब्द हवे होते. "ताई, तुझ्या आत जे चाललंय ना, तेच लिही. चाल नंतर बघू," असं तिने पहिल्यांदा म्हटलं तेव्हा मी हसले होते. आधी शब्द आणि मग चाल, म्हणजे आधी वरात आणि मग लग्न. पुढे तिचे फोन वाढले. शेवटी ती वैतागून म्हणाली, "मला स्टुडिओ कन्फर्म करायचाय गं. हो की नाही, एकदाच सांग. मी रागावणार नाही." तिने दुसऱ्या कुणाला विचारलं असतं तर मला वाईट वाटायचा हक्क नव्हता. पण मला हेही कळत होतं, की हिला नाही म्हटलं की मी गीतकार होते असं म्हणायला लागेल.

त्या गुरुवारी संध्याकाळी मी फोन हातात घेऊन तिला निरोप लिहायला बसले. ‘माफ कर, माझ्याकडून आता होणार नाही,’ इतकं लिहून झालं होतं. पाठवायच्या आधी उगाच पुन्हा वाचत होते, आणि बंद खिडकीतून पेटीचे सूर आले. सुरुवातीला लक्ष गेलं नाही. मग ओळख पटली. ती चाल आमची होती. म्हणजे त्याची. आमच्या लग्नाच्या पहिल्या वर्षात त्याने बांधलेली, एका सिनेमात गाजलेली, आणि मी त्याच्याकडे बघत बघत जिच्यावर प्रेमगीत लिहिलं होतं ती. बायका तीच चाल म्हणत होत्या, फक्त माझे शब्द काढून दत्ताचं भजन घातलं होतं.

यात नवल काही नाही. आमच्याकडच्या भजनी मंडळांची ही रीतच आहे. गाजलेली चाल उचलायची आणि तिच्यात देवाचं नाव बसवायचं. लोकांच्या ओठांवर चाल असतेच, मग कोरसला शिकवावं लागत नाही. एरवी मला ऐकून गंमत वाटली असती. त्या दिवशी मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. एवढ्या मोठ्या मुंबईत, एवढ्या चाली पडलेल्या असताना, माझ्याच खिडकीखाली हीच का? मी घरच्या चपला घातल्या आणि तरातरा खाली उतरले. त्यांना काय सांगणार होते देव जाणे. बहुधा लाऊडस्पीकरची तक्रार केली असती, आणि त्यांच्याकडे लाऊडस्पीकर नव्हताच.

दहा-बारा बायका सतरंजीवर बसल्या होत्या. पेटीवर परबकाकी. ह्या मूळच्या मालवणकडच्या, हॉस्पिटलात नर्स म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त एक जाडजूड, चष्मेवाली, पेटीचा भाता दणकून हलवणारी बाई दिसली. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी मानेने खूण केली. "आत ये गो. चप्पल भायर काढ. आणि आरतीपर्यंत मधी उठायचं नाय हां." शेजारच्या बाईने सरकून जागा केली आणि माझ्या हातात टाळ दिले. भांडायला आलेल्या माणसाच्या हातात टाळ आले की त्याची मोठी पंचाईत होते. मी बसले.

मग जे झालं ते आठवून आता हसू येतं. मुखडा पुन्हा आला, सगळ्यांनी उचलला, सवयीने मीही उचलला, आणि माझ्या तोंडून दत्ताच्या नावाऐवजी माझं जुनं प्रेमगीत बाहेर पडलं. तेही खणखणीत. देवळात, मूर्तीसमोर, ‘सखया’ वगैरे. दोघीतिघींनी वळून पाहिलं. एक जण फिसकन हसली, "अगं बाई, ही तर पिक्चरमधलं म्हणतेय." माझ्या कानाच्या पाळ्या पेटल्या. परबकाकींचा हात पेटीवरून हलला नाही. "आसू दे गो," त्या म्हणाल्या, "चाल तीच आसा. दत्ताक सगळां पोचता."

एवढंच म्हणाल्या आणि पुढचं कडवं सुरू केलं. मला मात्र रडू कोसळलं. कोर्टात आलं नव्हतं, घर सोडताना आलं नव्हतं असं. ओढणीने, बाहीने, मिळेल त्याने तोंड पुसत होते. कुणी पाठीवरून हात फिरवला नाही, कुणी काय झालं विचारलं नाही. काकी तेवढ्या म्हणाल्या, "रडायचं तर रड, पण टाळ सोडू नको. ठेका पडतो." मी रडत रडत टाळ वाजवत राहिले.

दोन कडवी झाली आणि भजन मध्येच थांबलं. मी वर बघितलं. काकींनी सांगितलं, की हे भजन त्यांच्यातल्या पेडणेकरबाईंनी लिहायला घेतलं होतं, पण मुलीचं बाळंतपण आलं म्हणून त्या नाशिकला गेल्या आणि शेवटचं कडवं राहूनच गेलं. दत्तजयंती तोंडावर आली होती आणि शेवट नसलेलं भजन जयंतीला म्हणायचं कसं? "कोणाक काय सुचता काय बघा," असं त्या सगळ्यांना उद्देशून म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मी कोण, हे त्यांना माहीत असायचं कारणच नव्हतं.

मी काही बोलणार नव्हते. टाळ खाली ठेवले आणि समोर मूर्तीकडे पाहत राहिले. ती चाल डोक्यात फिरत होती, हजारदा फिरली होती तशीच. पण आज ती गुणगुणणारा माणूस समोर नव्हता. त्याला आवडेल का, त्याच्या भुवया वर जातील का, असं बघायला चेहराच नव्हता. समोर तीन चेहरे होते आणि तिघांनाही कसली घाई दिसत नव्हती. आणि मग, इतक्या महिन्यांनी, दोन ओळी आल्या.

रिते हात माझे तुझ्या दारि आले,
मनी योजिलेले कुठेसे गळाले.

फार मोठं काव्य नव्हे, मला ठाऊक आहे. पण मी त्या जुळवल्या नाहीत, त्या आल्या, याच्यापलीकडे मला काही सांगता येत नाही. मी हळूच म्हणून दाखवल्या. काकींनी लगेच पेटीवर धरल्या, बायकांनी उचलल्या. मग एक अडचण निघाली. शेवटच्या कडव्यात लिहिणाऱ्याचं नाव यायला हवं, अमका म्हणे, तमकी म्हणे, अशी प्रथा. "तुझं नाव काय गो?" काकींनी विचारलं. लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीने लिहिलेलं एक नाव होतं, माझी सगळी गाणी त्या नावावर छापली गेली होती. ते नाव देवासमोर घ्यावंसं वाटेना. आईने ठेवलेलं नाव इतकी वर्षं कुणी उच्चारलं नव्हतं, ते परक्याचं वाटत होतं. मी म्हटलं, "काकी, आत्ता मला नावच नाही." त्यांनी चष्म्यावरून एकदा माझ्याकडे नीट पाहिलं. किती समजलं कोण जाणे. "मग नावाशिवाय म्हणू," त्या म्हणाल्या, "दत्त काय हजेरी घेता?"

आरती झाली, प्रसाद हातावर पडला, मी घरी आले. केतकीला लिहिलेला निरोप तसाच होता. तो पुसला आणि लिहिलं, ‘स्टुडिओ कन्फर्म कर.’

दत्तजयंतीला तिन्हीसांजेला पाळणा झाला आणि नंतर ते भजन शेवटासकट म्हटलं गेलं. पुढच्या महिन्यांत मी केतकीची सगळी गाणी लिहिली. आधी शब्द, मग चाल, तीही बहुतेक माझीच. तिच्या घरी बसून मी वेडीवाकडी गुणगुणायची आणि ती सुरात आणायची. एक गाणं दूधवाल्याला लिटरऐवजी अर्धा लिटर सांगितलं त्या सकाळचं आहे. एक पडद्यांचा रंग कुणालाही न विचारता निवडला त्या दुपारचं. नवऱ्याबद्दलचंही एक आहे, त्यात राग आहे आणि मी तो काढून टाकला नाही. पहिलं गाणं ऐकून केतकी म्हणाली, "ताई, हे रडकं नाहीये गं." मलाही ते तेव्हाच कळलं.

लोक याला योगायोग म्हणतील, म्हणोत. मी वाद घालत नाही. मला एवढंच माहीत आहे, की नेमका नकार पाठवायच्या क्षणी मला कुणीतरी खाली बोलावून घेतलं, आणि जी चाल ऐकवत नव्हती तिच्यातच मला जागा करून दिली. त्याबद्दल मी कृतज्ञ आहे, परबकाकींची आणि ज्याच्यासमोर त्या पेटी वाजवतात त्याचीही. आता गुरुवारी मी खिडकी लावत नाही, खाली जाऊन बसते.

परवा काकींच्या नात्यात लालबागला सत्यनारायण होता. तिथे दुसऱ्याच एका मंडळाच्या बायका आल्या होत्या, कुणीही ओळखीची नव्हती. त्यांनी ते भजन घेतलं. हिंडत हिंडत तिकडेही पोचलं होतं. मी कान टवकारून ऐकत होते, आणि शेवटच्या कडव्यात त्यांनी माझा शब्द बदललेला ऐकला. ‘रिते हात माझे’ नव्हे, ‘रिते हात आमचे’. आता मी शब्दाला शब्द म्हणून जपणारी बाई आहे. एका नावाजलेल्या गायकाने माझा एक शब्द बदलला म्हणून मी रेकॉर्डिंग थांबवलं होतं. काकी माझ्याकडे बघत होत्या, आता ही काहीतरी बोलणार म्हणून. मी त्या बायकांकडे पाहिलं. कुणी म्हातारी, कुणी नुकतं लग्न झालेली, एकीच्या मांडीवर झोपलेलं मूल. त्या डोळे मिटून म्हणत होत्या. ओळ पुन्हा फिरून आली, तेव्हा मीही त्यांच्यासारखंच म्हटलं, ‘रिते हात आमचे.’