दांडी सोडून

परवा गच्चीला लावायचं डांबर अंगणात तापत होतं, त्या वासानं मला दिरांची डांबर फासलेली नाव आठवली. लढाई संपल्यावर धाकटे दीर नेव्हीतून सुटून आले आणि विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाची जुनी शिडाची नाव घेतली. ती त्यांना कृष्णेत चालवायची होती. नाव चोवीस फुटी, एवढंच त्यांनी आधी सांगितलेलं, म्हणून मामंजींनी गुरं हलवून पंचवीस फुटी गोठा रिकामा केला. ट्रकमधून उतरलेली नाव आत ढकलली, तर तिच्या नाकाला जोडलेला लांबलचक वासा मागच्या भिंतीला टेकला आणि शेपूट दाराबाहेर राहिलं. पावसाळा तोंडावर होता. "चोवीसच हाय आबा, वासा धरत न्हाईत," दीर म्हणाले. "व्हय, आमीबी बैलगाडी दांडी सोडूनच मोजतो," मामंजी म्हणाले, "पर दांडी उभी करून ठेवता येती. हिचं नाक कुठं उभं करू?" वासा कापा, सासूबाई म्हणाल्या. दीर वाशावर हात ठेवून उभे राहिले. मामंजींनी पहार आणली आणि भिंतीला भोक पाडलं. त्या पावसाळ्यात नावेचं नाक गोठ्यामागच्या परड्यात डोकावत असे आणि उघडीप पडली की मी त्यावर धुणं वाळत घाली. दुसऱ्या वर्षी दीर नाव घेऊन मुंबईला गेले, ते गेलेच. पुढे कधी गवंडी आला की मामंजी म्हणत, "तेवढं भोक राहू दे. नाव आली तर पुन्हा पाडाय लागंल." मामंजी जाऊनही आता वर्षं झाली. परवा गच्चीचं काम संपवून गवंड्यानं त्या भोकाकडे बोट दाखवलं. राहू दे, म्हटलं.